शेणखत टाकले, तर युरिया किती कमी करायचा?

मा. कुलगुरू,
डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, अकोला



मी कामठी तालुक्यातला शेतकरी. आमच्याकडे खरिपात सोयाबीन, कापूस, धान. रब्बीत गहू आणि हरभरा. एकच मागणी घेऊन हे पत्र लिहितो आहे. वावरात शेणखत पडले असेल, तर युरिया नेमका किती कमी करायचा, हे आमच्या जमिनीसाठी आकड्यात सांगा.

गव्हाची शिफारस आम्हाला पाठ आहे: ओलिताचा, वेळेवर पेरलेला, तर हेक्टरी 120 किलो नत्र, अर्धे पेरताना, अर्धे पहिल्या पाण्याला. त्याच कागदावर शेणखताच्या गाड्याही लिहिलेल्या असतात. या दोहोंचा हिशेब मात्र एकमेकांशी जोडलेला नसतो. मग ज्याने बंड्या भरभरून खत टाकले तोही तेवढ्याच थैल्या आणतो, आणि ज्याच्या वावराने दहा वर्षांत शेण पाहिले नाही तोही तेवढ्याच. युरियाची 45 किलोची थैली 266 रुपये 50 पैशांना मिळते. इतक्या स्वस्त वस्तूवर हात आखडायचा, तर खात्रीचे कारण लागते.

ढोबळ हिशेब आम्हीही मांडू शकतो. चांगल्या कुजलेल्या शेणखतात साधारण अर्धा टक्का नत्र असते. एकरी चार टन टाकले तर 20 किलो. त्यातले पहिल्या हंगामात पिकाच्या हाती लागते पाव ते तिसरा हिस्सा. म्हणजे युरिया वाचला फार तर 11 ते 14 किलो, थैलीचा तिसरा हिस्सासुद्धा नाही. बाकीचे नत्र पुढच्या हंगामांत हळूहळू सुटते. म्हणूनच ‘युरिया सोडा, सेंद्रिय धरा’ एवढाच सल्ला ऐकून वागणारा शेतकरी पहिल्याच वर्षी मार खातो आणि पुन्हा शेणखताच्या वाटेला जात नाही. सल्ला देणाऱ्यांनी याची जबाबदारी घ्यायला हवी.

शिवाय हा अर्धा टक्का चांगल्या खताचा. जुलैत आमच्याकडचा एखादा उघडा ढीग पाहा. वरून पावसाचा मारा, आणि बुडाशी चहासारखे तपकिरी पाणी रस्त्याच्या नालीत चाललेले. नत्र आणि पालाश त्यातूनच जातात. ढीग उकरला तर आत तुराट्या जशाच्या तशा. असे कच्चे खत वावरात गेले की तण येते, उधई येते आणि ते कुजेपर्यंत जमिनीतले नत्रही अडकून पडते. खत हवेशीर टाक्यात कसे कुजवावे हे याच विदर्भातल्या नाडेपकाकांनी, पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी, देशाला शिकवले. तरी ढीग उघडेच आहेत.

चांगले शेणखत आणि नत्र यांचा मेळ कसा बसतो, हे मात्र मोजून पाहिलेले आहे. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडच्या संशोधन केंद्रात 1852 पासून एकाच शेतात जव पेरून शेणखत आणि नत्र यांची तुलना चालू आहे. तिथल्या एका तुकड्याला 1871 पर्यंत शेणखत दिले आणि मग थांबवले. दीडशे वर्षे उलटली, तरी त्या मातीत शेजारच्या बिनखताच्या तुकड्यापेक्षा सेंद्रिय कर्ब जास्त भरतो. आणि नव्या, जोमदार वाणांचे सर्वांत चांगले पीक शेणखताच्या जमिनीवर नत्राची जोड दिली तेव्हा मिळाले.

इतके लांब जायचीही गरज नाही. तुमच्याच अकोल्याच्या काळ्या जमिनीत 1988 पासून ज्वारी-गहू पिकांवर असा दीर्घकालीन प्रयोग चालू आहे. रासायनिक खताची पूर्ण मात्रा आणि जोडीला शेणखत, ही जोडी त्यात सरस ठरली. नुसत्या नत्रावर जमीन थकली. हे ज्ञान शोधनिबंधांत आहे. कामठीच्या कृषी केंद्रापर्यंत ते आलेले नाही.

जवाचा उल्लेख मुद्दाम केला. कालव्याच्या शेवटी असलेल्यांना गव्हाला पुरेल इतके पाणी मिळत नाही. जव कमी पाण्यात येतो, आणि ओलिताच्या जवाला देशपातळीवरची शिफारस हेक्टरी 60 किलो नत्राची, गव्हाच्या निम्मी. युरिया जास्त झाला तर जव लोळतो, आणि माल्टसाठी विकायचा असेल तर दाण्यातले प्रथिन वाढून भाव पडतो. नत्राचा तोल शिकायला याहून चांगले पीक नाही. विकायचा कुठे, हा प्रश्न खरा आहे; म्हणून मी लागवड मागत नाही, प्रयोगाचा तुकडा मागतो.

नागपूरचे कृषी महाविद्यालय 1906 पासून आहे, आज ते तुमच्याच विद्यापीठाचे आहे आणि कामठीपासून हाकेच्या अंतरावर आहे. येत्या रब्बीत तालुक्यातल्या शेतकऱ्यांच्या वावरात गहू आणि जवाचे तुकडे घाला: नुसता युरिया, नुसते शेणखत, आणि दोन्ही मिळून, युरिया टप्प्याटप्प्याने कमी करत. किमान तीन वर्षे चालू ठेवा. आलेल्या आकड्यांचा एका पानाचा मराठी तक्ता करा, किती बंड्या खताला किती किलो युरिया कमी, आणि तो प्रत्येक कृषी केंद्राच्या भिंतीवर लावायला लावा. वावर द्यायला आम्ही तयार आहोत.

आपला,
कामठी तालुक्यातील एक शेतकरी