आधी थांबायला शिका



मागच्या हिवाळ्यात माझा भाचा ऑफिसातल्या मित्रांबरोबर काश्मीरला, गुलमर्गला गेला. आमच्या घराण्यात बर्फ पाहणारा तो पहिलाच. दोन दिवस स्कीइंगचे धडे झाले आणि तिसऱ्या दिवशी मित्र म्हणाले, "चल वर!" "मला अजून येत नाही," असे म्हणायची त्याला लाज वाटली. वर गेला आणि पहिल्याच वळणावर पडला. गुडघ्याचे लिगामेंट तुटले. तीन महिने बिनपगारी घरी बसला.

आज आपली मुले नोकरीला लागली, एल.टी.सी.वर हिमालय पाहू लागली, याचा आनंदच आहे. म्हणूनच या चार गोष्टी घराघरांत माहीत असाव्यात.

गुलमर्ग सुमारे २६५० मीटर उंचीवर आहे. गावालगतच्या मैदानातले सौम्य उतार हा नवशिक्यांचा वर्ग. तिथून रोपवेचा पहिला टप्पा सुमारे ३१०० मीटरवरच्या कोंगडोरीला जातो. तो १९९८ साली सुरू झाला. कोंगडोरीहून खाली येणारा उतार वळणे घेता येणाऱ्यांचा आहे. दुसरा टप्पा २००५ चा. तो अफरवट डोंगरावर, ३९०० मीटरच्याही वर नेतो. तो भाग फक्त मुरलेल्यांचा, आणि त्यांनीही माहीतगार वाटाड्या घेऊनच जायचे. तिथे बर्फाचे कडे कोसळतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटवर पोलंडचे दोन स्कीपटू हिमस्खलनात गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये गुलमर्गलाच एक रशियन गेला. वरचा टप्पा बंद ठेवला असेल तर वाद घालू नये.

परदेशात उतारांना रंग देतात. हिरवा किंवा निळा सोपा, काळा सर्वांत अवघड. पण रंग ठरवण्याची रीत देशोदेशी वेगळी. अमेरिकेत तर प्रत्येक ठिकाण आपल्याच उतारांची आपसात तुलना करून रंग देते. त्यामुळे एका गावचा निळा दुसऱ्या गावच्या निळ्यापेक्षा कठीण निघू शकतो. नव्या ठिकाणी एक पायरी खालूनच सुरुवात करावी. शिवाय तोच उतार सकाळी गोठून काचेसारखा होतो आणि दुपारच्या उन्हात भुसभुशीत होतो. काल जमले म्हणून आज जमेलच असे नाही.

मग वर केव्हा जावे? कसोटी साधी आहे. हव्या त्या जागी थांबता आले, डावीकडे-उजवीकडे दोन्ही बाजूंना वळता आले, आणि हे न पडता अनेकदा जमले, की पुढची पायरी. वर जाऊन भीती वाटली तर रोपवेनेच परत यावे. त्यात कमीपणा कसला? केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग शिकवणारी संस्था गुलमर्गलाच आहे. हौसेने दोन तास घसरण्यापेक्षा तिथे रीतसर शिकलेले बरे.

तथागतांनी धम्माच्या शिक्षणाला महासागराची उपमा दिली आहे. सागर हळूहळू खोल होत जातो, काठावरच एकदम कडा नसतो. शिकणेही तसेच, क्रमाक्रमाने.

आणि एक लक्षात ठेवा. ही प्रतवारी उताराची आहे, माणसाची नव्हे. जातीच्या उतरंडीत खालचे मडके वर जाऊ शकत नाही. इथे मात्र जो शिकेल तो वर जातो. म्हणून खालच्या उतारावर उभे राहण्याची लाज आपल्या मुलांनी बाळगू नये. आपल्या बापजाद्यांनी अक्षर ओळखही 'अ'पासूनच केली.

भाच्याचा गुडघा आता बरा आहे. डॉक्टरांनी परवानगी दिली तर पुन्हा जाईन म्हणतो. परवा विचारत होता, "मामा, मी खाली शिकत राहिलो आणि मित्र हसले तर?"

मी म्हटले, "हसू दे. शिकणाऱ्याला हसतो, लाज त्याला वाटायला हवी."