टपालाचे बिऱ्हाड

राजधानीत २०२५ साली दोन स्थलांतरे गाजली. पहिले साऱ्यांच्या डोळ्यांदेखत झाले. ६ ऑगस्ट रोजी कर्तव्यपथालगतच्या ‘कर्तव्य भवन-३’चे उद्घाटन झाले आणि गृह मंत्रालयासह काही मंत्रालयांची कपाटे, खुर्च्या व फायलींचे गठ्ठे जुन्या इमारतींतून तेथे रवाना झाले. दुसरे स्थलांतर कोणाच्या नजरेस पडले नाही, कारण त्याला ना ट्रक लागला ना हमाल. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची सुमारे १२ लाख ई-मेल खाती, वर्षानुवर्षे साठविलेल्या टपालासह, नव्या व्यवस्थेवर गेली. वर्षानुवर्षे हे काम पाहणाऱ्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या, जुन्या यंत्रणेची जागा चेन्नईच्या झोहो कंपनीच्या यंत्रणेने घेतली. त्यासाठीचे सात वर्षांचे कंत्राट २०२३ सालीच दिले गेले होते. त्याचा विस्तार किती मोठा आहे, हे ऑक्टोबर २०२५ मध्ये लोकांसमोर आले.

त्यावर चर्चा झाली ती मुख्यतः स्वदेशीची. अमेरिकेने भारतीय मालावर लादलेल्या आयातशुल्कामुळे वातावरण तापलेले होते. परदेशी कंपन्यांवर विसंबणे किती धोक्याचे, यावर वाहिन्यांवर फड रंगले. विरोधकांनी खासगी कंपनीच्या हाती सरकारी टपाल सोपविण्यास आक्षेप घेतला, तर सत्ताधाऱ्यांनी आत्मनिर्भरतेचा दाखला दिला. दोन्ही बाजूंच्या युक्तिवादांत तथ्य आहे. मात्र या गदारोळात एक साधा प्रश्न बाजूला राहिला. सरकारला आपले टपालाचे बिऱ्हाड इतक्या सहजतेने हलविता आले ते कशाच्या बळावर? आणि तेच बळ या देशाच्या सामान्य नागरिकाकडे आहे काय?

सरकारचे बळ तीन गोष्टींत आहे. पहिली गोष्ट पत्त्याची. ‘जीओव्ही डॉट इन’ हे सरकारचे स्वतःचे डोमेन आहे. यंत्रणा कोणाचीही असो, पत्त्यावरची पाटी सरकारचीच राहते. त्यामुळे स्थलांतर झाले तरी एखाद्या सहसचिवाला आपला नवा पत्ता कोणाला कळविण्याची गरज पडली नाही. दुसरी गोष्ट कंत्राटाची. ग्राहक बारा लाख खात्यांचा असला म्हणजे अटी तोच घालतो. जुने फोल्डर कसे आणावयाचे, किती दिवसांत आणावयाचे आणि मुदत संपल्यावर पुढच्याच्या स्वाधीन कसे करावयाचे, हे त्याला आधीच लिहून घेता येते. तिसरी गोष्ट कायद्याची. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने संगणकावर तयार झालेल्या मजकुरालाही सार्वजनिक अभिलेखाचा दर्जा दिला आहे. कायद्याबाहेर जाऊन असा अभिलेख नष्ट केल्यास पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. २०१४ च्या ई-मेल धोरणाने पदनामाचा पत्ता आणि व्यक्तिनामाचा पत्ता यांत भेद केला. पदाचे टपाल पदावर येणाऱ्या पुढच्या अधिकाऱ्याकडे जावे, हा त्यामागचा विचार होता. आवक-जावक नोंदवहीच्या काळापासून चालत आलेले हे प्रशासकीय शहाणपणच आहे.

आता कार्यालयातून घरी येऊ. ज्या अधिकाऱ्याचे कार्यालयीन टपाल असे कायद्याच्या कवचात आहे, त्याचेच खासगी टपाल मात्र उघड्यावर आहे. मुलीच्या महाविद्यालयाशी झालेला पत्रव्यवहार, पुण्यातील सदनिकेच्या व्यवहाराची कागदपत्रे, आईच्या तपासण्यांचे अहवाल, विम्याच्या पावत्या, परदेशी गेलेल्या भावाची पत्रे हे सारे एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवर, त्या कंपनीच्या नावाच्या पत्त्यावर, त्या कंपनीच्या मर्जीने पडून असते. दिल्लीतील मराठी माणसाच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. करोलबागेत असो वा रामकृष्णपुरमच्या सरकारी वसाहतीत, त्याचे बिऱ्हाड विंचवासारखे पाठीवर असते. घरचा पत्ता दर बदलीला बदलतो. ई-मेलचा पत्ता हाच त्याचा कायमचा पत्ता होऊन बसतो.

तो कायमचा नसतो, हे कळते ते वेळ आल्यावर. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आणले, तेव्हा ‘व्हीएसएनएल’चा पत्ता असणे ही प्रतिष्ठेची बाब होती. २००२ मध्ये निगम टाटांकडे गेले आणि २००८ मध्ये त्याचे नावही बदलले. याहू ग्रुप्सवरील जुना मजकूर कंपनीने डिसेंबर २०१९ मध्ये काढून टाकला. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती मजकुरासह पुसून टाकण्याचे धोरण गुगलने २०२३ मध्ये जाहीर केले आणि त्याच वर्षी डिसेंबरपासून त्याची अंमलबजावणी आरंभिली. यांपैकी कोणतीही गोष्ट बेकायदा नव्हती. प्रश्न तोच आहे.

टपाल हलविणे तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही. ‘आयमॅप’ या १९८६ साली जन्मलेल्या पद्धतीने एका सर्व्हरवरचे फोल्डर दुसऱ्यावर जसेच्या तसे उतरविता येतात. परंतु हे करू पाहणाऱ्याला अडचणी लवकरच जाणवतात. आयमॅपने पत्रे येतात. पत्त्यांची वही आणि दिनदर्शिका येत नाही, त्या वेगळ्या आणाव्या लागतात. टपालाची आपोआप वर्गवारी करणारे नियम नव्याने बसवावे लागतात. जीमेलमध्ये फोल्डरऐवजी लेबले असतात. एकाच पत्राला दोन लेबले असली तर नव्या ठिकाणी त्याच्या दोन प्रती उतरू शकतात. जुन्या ‘पॉप’ पद्धतीने उतरवून घेतलेले टपाल तर सर्व्हरवर नसून घरातल्या बंद पडलेल्या संगणकातच राहून गेलेले असते. आणि हे सारे जमले तरी पत्ता येत नाहीच, कारण त्या पत्त्याच्या शेपटीला कंपनीचे नाव आहे. गृहमंत्री अमित शहा यांनी ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झोहोवर आपला नवा पत्ता घेतला, तेव्हा त्यांनी तो समाजमाध्यमावरून साऱ्या देशाला कळविला. निवृत्त शिक्षकाने आपला नवा पत्ता बँक, पेन्शन कार्यालय, विमा कंपनी आणि पन्नास नातलगांना कसा कळवावा?

या प्रश्नाचे उत्तर संसदेपुढे आले होते, ही यातील खेदाची बाब आहे. सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जुलै २०१८ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाविषयीचा अहवाल व विधेयकाचा मसुदा सादर केला. त्यात नागरिकाला आपली माहिती सुव्यवस्थित, सर्वत्र वापरात असलेल्या आणि यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात मिळविण्याचा व ती दुसऱ्या कंपनीकडे नेण्याचा हक्क होता. डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलेल्या सरकारी विधेयकातही हा हक्क १९ व्या खंडात कायम राहिला. विधेयक संयुक्त संसदीय समितीकडे गेले. दोन वर्षे खल होऊन डिसेंबर २०२१ मध्ये समितीचा अहवाल आला, तेव्हा समितीने हा हक्क कमी करण्याऐवजी बळकट करण्याची शिफारस केली. व्यापारी गुपिताची सबब सांगून कंपन्यांना नागरिकाची माहिती अडवून ठेवता येऊ नये, असे तिचे म्हणणे होते. पक्षभेद बाजूला ठेवून संसदेने केलेल्या कामाचे ते एक चांगले उदाहरण होते.

पुढे काय झाले? समितीने ८१ दुरुस्त्या सुचविल्या आहेत, तेव्हा नवे सर्वसमावेशक विधेयक आणणे बरे, असे कारण देत ३ ऑगस्ट २०२२ रोजी सरकारने विधेयकच मागे घेतले. नोव्हेंबर २०२२ मध्ये नवा, आटोपशीर मसुदा आला. त्यात माहिती वाहून नेण्याचा हक्क नव्हता. ऑगस्ट २०२३ मध्ये मणिपूरच्या प्रश्नावरील गदारोळात लोकसभेने ७ तारखेला आवाजी मतदानाने विधेयक संमत केले. राज्यसभेने ९ तारखेला विरोधकांच्या अनुपस्थितीत त्यावर शिक्कामोर्तब केले. जो हक्क चार वर्षे विधेयकात होता, तो का वगळला, याची दोन्ही सभागृहांत म्हणावी तशी झडती कोणीच घेतली नाही. खेडोपाडीच्या मतदाराला हा विषय दूरचा वाटतो, असे मानून विरोधी पक्षांनीही त्यात शक्ती खर्ची घातली नाही.

आता कायद्याच्या ११ व्या कलमानुसार नागरिकाला कंपनीकडे मागता येतो तो आपल्या माहितीचा ‘सारांश’. वीस वर्षांच्या पत्रव्यवहाराचा सारांश घेऊन कोणी काय करावे? नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनी दीर्घकाळ न वापरलेल्या खात्यांतील माहिती पुसण्यापूर्वी ४८ तासांची सूचना देण्याचे बंधन घातले; पण ते ई-कॉमर्स, ऑनलाइन खेळ आणि समाजमाध्यमे या तीन प्रकारच्या मोठ्या कंपन्यांपुरते. ई-मेल सेवेचा त्या यादीत उल्लेख नाही.

वाहून नेण्याच्या हक्काचे या देशाला वावडे आहे, असे मात्र कोणी म्हणू शकणार नाही. मोबाइल क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय नोव्हेंबर २०१० मध्ये हरयाणात सुरू झाली आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर लागू झाली. जुलै २०१५ पासून तर मुंबईचा क्रमांक दिल्लीत आणता येऊ लागला. आरोग्यविमा कंपनी बदलली तरी आधीच्या वर्षांचे लाभ टिकविण्याची मुभा २०११ मध्येच मिळाली. रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये घातलेल्या चौकटीनुसार बँकेतील आपली माहिती संमतीने दुसऱ्या वित्तसंस्थेला धाडता येते. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्राचे रेशनकार्ड गुजरातेत व गुजरातचे महाराष्ट्रात चालू लागले. तीच योजना पुढे देशभर पसरली. स्थलांतरित मजुराला त्याचे धान्य राज्याच्या सीमेपलीकडे मिळावे, हे तत्त्व ज्या राज्यकर्त्यांनी योग्य रीतीने स्वीकारले, त्यांना पत्रव्यवहाराबाबत तेच तत्त्व अवघड का वाटावे?

सरकारच्या बाजूनेही काही मुद्दे आहेत. कायदा सुटसुटीत असावा, नवउद्योगांवर अनुपालनाचा भार पडू नये, ही भूमिका अगदीच निराधार नाही. बड्या कंपन्या आजही स्वेच्छेने टपालाची प्रत उतरवून देतात, हेही खरे. शिवाय सारे टपाल एका कळीसरशी बाहेर काढता येऊ लागले तर चोरट्यांचेही फावेल, ही भीती रास्त आहे. परंतु या प्रत्येक आक्षेपाला उत्तर आहे. लहान कंपन्यांना सवलत देता येते. सध्याच्या कायद्यातही नवउद्योगांना काही कलमांतून सूट देण्याची तरतूद आहेच. चोरीच्या भीतीवर मोबाइल क्रमांकाच्या बाबतीत पडताळणीचा संकेतांक आणि ठरावीक मुदत असा उपाय योजला गेला, तसाच येथेही योजता येईल. राहिला स्वेच्छेचा मुद्दा. स्वेच्छेने दिलेली सोय स्वेच्छेनेच काढूनही घेता येते. युरोपीय संघाने हे ओळखले, म्हणूनच मे २०१८ पासून तेथे हा हक्क कायद्याने मिळाला. आणि सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने तेथे क्लाउड सेवा बदलताना ग्राहकाची अडवणूक करण्यासही आळा घातला.

मागणी मोठी नाही. पहिले म्हणजे, नागरिकाने मागितल्यास त्याचे संपूर्ण टपाल, फोल्डरांच्या मांडणीसह व पत्त्यांच्या वहीसह, सर्वत्र चालेल अशा स्वरूपात ठरावीक दिवसांत द्यावे. दुसरे, सेवा अथवा खाते बंद करण्यापूर्वी काही महिन्यांची सूचना असावी. ४८ तासांत कोणाचे बिऱ्हाड हलत नाही. तिसरे, पत्ता नेता येत नसल्याने किमान वर्षभर जुन्या पत्त्यावर येणारे टपाल नव्या पत्त्याकडे वळविण्याचे बंधन असावे. घर बदलणाऱ्याची पत्रे नव्या पत्त्यावर वळविण्याची चाल टपाल खात्याला नवीन नाही. यांपैकी पहिल्या गोष्टीचा मसुदा तर तयारच आहे. २०१९ च्या विधेयकाच्या छापील प्रती संसदेच्या ग्रंथालयात सापडतील.

असा हक्क केवळ नियमांनी देता येणार नाही, त्यासाठी कायद्यातच दुरुस्ती करावी लागेल. सरकारच्या मनात नसेल तर खासगी सदस्याच्या विधेयकाचा मार्ग मोकळा आहे. अशी विधेयके संमत होणे दुर्मीळ, परंतु त्यांच्या निमित्ताने मंत्र्यांना सभागृहात उत्तर द्यावे लागते. महाराष्ट्रातून लोकसभेत ४८ व राज्यसभेत १९ सदस्य निवडून जातात. त्यांच्या मतदारांपैकी कितीतरी नोकरीनिमित्त दिल्ली, बंगळुरू किंवा परदेशात बिऱ्हाड मांडून आहेत. सात वर्षांचे कंत्राट संपेल तेव्हा सरकार आपले टपाल पुन्हा हवे तेथे नेऊ शकेल. त्या सरकारला निवडून देणाऱ्यांनाही ते नेता यावे, एवढा प्रश्न यांपैकी एका सदस्याने जरी शुक्रवारी दुपारी विचारला, तरी २०२२ मध्ये गुंडाळलेली चर्चा पुन्हा सुरू होईल.