मागचे आसन

जून महिन्यातील तिसरा रविवार ‘पितृदिन’ म्हणून साजरा करण्याची प्रथा आता अकोला-अमरावतीच्या घरांतही रुजू लागली आहे. या प्रथेचा उगम अमेरिकेतील स्पोकेन या शहरातला. पत्नीच्या निधनानंतर सहा अपत्यांना एकट्याने वाढविणाऱ्या विल्यम स्मार्ट या सैनिकाची कन्या सोनोरा डॉड हिने 1910 मध्ये आपल्या पित्याच्या सन्मानार्थ हा दिवस सुरू केला. तिच्या मनात होती ती कृतज्ञता. पुढे त्या कृतज्ञतेची जागा हळूहळू भेटवस्तूंनी घेतली. घड्याळ, सदरा, मोबाइल अशी खरेदी होते आणि वडील ती वस्तू कपाटात जपून ठेवतात.

अकोल्यातील एका कापड व्यापाऱ्याच्या मुलांनाही असेच काही घ्यावयाचे होते. पूर्वी हे गृहस्थ एस्कॉर्ट्स कंपनीच्या राजदूत मोटारसायकलवरून उधारी वसूल करीत गावोगाव फिरत. पुढे राजदूत जाऊन हिरो होंडा आली. मुलगी अमरावतीस दिल्यावर महिन्यातून एखादा रविवार ते गाडीवरूनच तिच्याकडे जात, दुपारी जेवत आणि दिवस मावळण्यापूर्वी परतत. सुमारे 100 किलोमीटरचे ते अंतर त्यांना कधी अंतर वाटलेच नाही.

वयाच्या पंचावन्न वर्षांनंतर वाहन परवान्याचे नूतनीकरण एका वेळी पाच वर्षांपुरतेच होते आणि त्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. एकाहत्तराव्या वर्षी परवान्याची मुदत संपली, तेव्हा दृष्टी मंदावल्याचे त्यांचे त्यांनाच उमगले होते. त्यांनी अर्ज केला नाही. परवाना घडी करून खणात ठेवला आणि गाडीवर कापड झाकले. निर्णय शहाणपणाचा होता, म्हणून घरातील सर्वांना हायसे वाटले. पण त्या दिवशी त्यांच्या हातून काय सुटले, हे विचारण्याचे मात्र कोणालाच सुचले नाही.

ते प्रथम मुलीच्या लक्षात आले. दोन वर्षांत बाबा अमरावतीला दोनदाच आले होते, तेही कार्यप्रसंगी. विचारले की, दुकानातून सवड नाही म्हणत. वास्तविक दुकान केव्हाच धाकट्या भावाकडे गेले होते. बस होती, रेल्वे होती. तथापि आयुष्यभर इतरांना नेणारा माणूस ‘मला कोणी घेऊन चला’ असे म्हणू शकत नव्हता.

पुण्यात नोकरी करणाऱ्या भावाला तिने हे सांगितले. भेटवस्तूचा विचार तेथेच थांबला. पितृदिनाच्या आदल्या दिवशी तो अकोल्यास आला. मेकॅनिककडून जुनी गाडी नीट करून घेतली, विमा आणि पीयूसीची कागदपत्रे पाहिली, डॉक्टरांना विचारले आणि दुसरे हेल्मेट आणले. कायद्याने ते मागे बसणाऱ्यालाही आवश्यक आहे.

पहाटे, ऊन चढण्यापूर्वी, दोघे निघाले. वडील प्रथमच मुलाच्या मागे डबलसीट बसले. बोरगाव मंजूपर्यंत कोणी बोलले नाही. कुरणखेडजवळ काटेपूर्णेचा पूल आला तसे बाबा बोलू लागले. कोणत्या गावचा शेतकरी कापूस विकल्यावर न मागता पैसे आणून देई, कोठे पावसात गाडी बंद पडली आणि कोणत्या अनोळखी घरात रात्र काढली, हे सारे मुलगा प्रथमच ऐकत होता. याच मार्गावर 3 ते 7 जून 2022 या काळात 75 किलोमीटर डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत टाकून गिनेस विक्रम झाला. मुलाने तो अभिमानाने सांगितला, तेव्हा मागून उत्तर आले, “रस्ता चांगला झाला म्हून पळवू नको बाप्पा. हळूच चालव, मले पाहू दे.”

मूर्तिजापूरला चहा झाला. बडनेरा ओलांडून ते अमरावतीत शिरले तेव्हा मुलगी फाटकात उभी होती. अनेक जैन घरांत आर्द्रा नक्षत्र लागल्यावर आंबा वर्ज्य होतो. त्यामुळे त्या दिवशीचा आमरस हा मोसमातील शेवटचा. नातवंडांनी आजोबांना राजदूतच्या गोष्टी पुन्हा पुन्हा सांगावयास लावल्या. सूर्यास्तापूर्वीचे जेवणही सर्वांचे एका पंगतीत झाले. वाढताना मुलीने हळूच विचारले, “बाबा, इतके दिवस काऊन नाही आले?” ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “कोणी चला म्हटलं नाही ना.”

या उत्तरात राग नव्हता. म्हणूनच ते दोघा भावंडांना अधिक लागले. बँकेतील आवर्ती ठेवीत रक्कम लहान असली तरी हप्ता चुकवावयाचा नसतो. वडिलांना द्यावयाच्या वेळेचेही तसेच आहे. वर्षातून एकदा मोठी भेट देऊन राहिलेले हप्ते भरून निघत नाहीत.

ते दुसरे हेल्मेट आता अकोल्याच्या घरात दाराजवळच्या खुंटीवर असते. मुलगा येणार असल्याचा फोन आला की, बाबा आदल्या रात्रीच ते पुसून ठेवतात. आपल्या घरातही असे एखादे मागचे आसन रिकामे असेल. वडील ते मागणार नाहीत. ‘चला’ हा शब्द आपल्यालाच उच्चारावा लागेल.