लाकूड झटकून घेता का?

छत्रपती संभाजीनगरातील व्यापारी कुटुंबांची बाहेर जेवण्याची वेळ ठरलेली असते. गुलमंडी, सराफा वा मोंढ्यातील दुकान वाढवून, रोकड जुळवून मंडळी गाडीत बसतात तेव्हा रात्रीचे साडेआठ झालेले असतात. घरातील एक माणूस मात्र त्या गाडीत नसते. ‘आजींचे जेवण झाले आहे,’ असे सांगितले जाते आणि ते खरेही असते. सूर्यास्तापूर्वी मुगाची खिचडी घेऊन, चौविहाराचे पच्चक्खाण करून त्या माळ घेऊन बसलेल्या असतात. दार ओढून घेताना कोणालाच काही खुपत नाही, इतके ते अंगवळणी पडलेले असते.

अशाच एका कुटुंबात गेल्या डिसेंबरात मुलाच्या लग्नाचा तिसावा वाढदिवस आला. पुण्यास शिकणाऱ्या नातीने हट्ट धरला की, जेवण लाकडाच्या भट्टीवरील इटालियन उपाहारगृहात व्हावे आणि आजी बरोबर असाव्यात. नसतील तर बेतच नको. काकांनी हिशेब मांडला. डिसेंबरात सूर्य सहाच्या आतच मावळतो, ही उपाहारगृहे सातला दार उघडतात. एक तर सूर्य थांबवावा लागेल किंवा आजींना. नातीने वाद घातला नाही. तिने उपाहारगृहाच्या मालकांना दूरध्वनी केला.

मालकांचे उत्तर काकांच्या हिशेबात बसणारे नव्हते. विटांची घुमटाकार भट्टी थंड असेल तर तापण्यास दोन-तीन तास घेते, हे खरे. पण दुपारच्या गिऱ्हाइकांसाठी ती तापलेलीच असते. विटा उष्णता सहजासहजी सोडत नाहीत. चार ओंडके वाढवले की साडेचारला भट्टी तयार होईल. ‘एवढ्या लवकर येतो असे आजवर कोणी म्हटलेच नाही,’ असे ते म्हणाले. तिथी पाहून दिवस ठरला. अष्टमी-चतुर्दशी टाळली, म्हणजे हिरव्या भाजीचा प्रश्न उरला नाही.

खरे प्रश्न पुढे होते. ‘जैन द्या’ एवढे सांगितले की आपले काम झाले, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ झाली आहे. वाढप्याही तेवढ्यावर मान डोलावतो आणि त्याचा अर्थ कांदा, लसूण व बटाटा नाही, इतकाच घेतो. कापडाचा गठ्ठा घेताना जो व्यापारी सूत, वीण, रंग आणि मालाची गिरणी विचारल्याशिवाय बयाणा देत नाही, तोच पानात पडणाऱ्या चीजविषयी एक अक्षर विचारत नाही, ही गोष्ट जरा विचित्रच म्हटली पाहिजे.

इटालियन पाकशाळेत तर विचारण्याजोगे पुष्कळ आहे. तेथील विख्यात पार्मिजानो रेज्जानो हे चीज दुधाचेच; पण ते दूध गोठवण्यासाठी वासराच्या जठरातून काढलेले रेनेट वापरावे, असा त्या चीजचा नियमच आहे. तो पाळला नाही तर त्या नावाने ते विकताच येत नाही. पेकोरिनो रोमानोसाठी कोकराचे रेनेट लागते. याउलट सूक्ष्मजीवांपासून मिळवलेल्या रेनेटचे चीज आपल्या बाजारात सहज मिळते. पाकिटावरचा हिरवा ठिपका आणि घटकांची यादी पाहणे एवढेच काम असते. पण ते पाकीट असते स्वयंपाकघरात आणि गिऱ्हाईक असते टेबलाशी. ताज्या पास्त्याच्या कणकेत पुष्कळदा अंडे असते. सुका पास्ता बहुधा केवळ रवा आणि पाणी यांचा. तिरामिसूत अंडे, पन्ना कोत्तात जिलेटिन, पेस्तोत लसूण आणि वर तेच पार्मिजानो. अनेक रश्श्यांचा पायाच मुळी कांदा, गाजर आणि सेलरी बारीक चिरून परतण्याचा. तो सकाळीच मोठ्या पातेल्यात शिजून तयार असेल तर रात्री आठ वाजता ‘जैन’ म्हटल्याने त्यातला कांदा निघून जात नाही.

आणि तरीही नेपल्सची साधी मार्गेरिटा पाहावी. टोमॅटो, मोझरेला, तुळशीच्या कुळातील बेझिल आणि ऑलिव्हचे तेल. कंदमूळ काढून टाकण्याची वेळच येत नाही, कारण ते मुळात नसतेच. त्या नगरीतील पिझ्झा भाजणाऱ्यांच्या कलेला युनेस्कोने २०१७ साली मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. सुमारे साडेचारशे अंशांच्या आचेत साठ ते नव्वद सेकंदांत पिझ्झा भाजून निघतो. खालून तापलेली फरशी, वरून घुमटाची धग आणि मधून फिरणारी ऊन हवा अशी तिहेरी आच त्यास मिळते. आपल्याकडे संपूर्ण शाकाहारी इटालियन भोजनाची वाट काही नवी नाही. ‘लिटल इटली’ने ती १९८९ साली पुण्यात पाडली, आणि जैन गिऱ्हाइकाच्या प्रश्नांना तेथे कोणी हसले असेल असे वाटत नाही.

अडचण पिठाची होती. उत्तम पिझ्झ्याचे पीठ खमीर घालून रात्रभर, कधी त्याहूनही अधिक काळ मुरवतात. त्यातूनच त्याची चव आणि जाळी येते. ज्या घरात रात्रीची भिजवलेली कणीक सकाळी वापरत नाहीत, तेथे हे कसे चालावे? मालकांनी त्याच सकाळी पीठ भिजवण्याचे कबूल केले आणि पिझ्झा थोडा दडस होईल, हेही आधीच सांगितले. खरा व्यापारी असाच असतो. आजींना खमीरच चालत नव्हते. त्यांच्यासाठी रोमान्या प्रांतातील पियादिना ठरली. ही मैद्याची बिनखमिराची पातळ पोळी. तिकडे तीत परंपरेने डुकराची चरबी घालत, आता ऑलिव्हचे तेलही घालतात. तेल घालून, शेगडीऐवजी भट्टीच्या फरशीवर भाजून ती द्यावयाची. सोबत जाळीवर भाजलेली ढोबळी मिरची, झुकिनी आणि टोमॅटो. उपाहारगृह शाकाहारी असल्याने जाळी कोणाच्या मांसाची नव्हती. तसे नसते तर बाकीचे सारे प्रश्न व्यर्थच ठरले असते.

साडेचारला मंडळी पोहोचली. दालन रिकामे होते आणि पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट टेबलावर पडले होते. आजींनी घरून उकळलेले पाणी आणले होते. नातीने सगळे विचारून ठेवले आहे, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी ऐकून घेतले आणि उठून भट्टीपाशी गेल्या.

‘लाकूड झटकून घेता का?’ त्यांनी विचारले.

मालक गोंधळले. कांद्यापासून रेनेटपर्यंतची उत्तरे त्यांच्याजवळ होती. हे उत्तर नव्हते. पुत्रानेही मान खाली घातली, कारण त्या घरातून चूल जाऊन पन्नास वर्षे होत आली होती. चुलीच्या काळात आजी, त्यांच्या सासूबाई, त्यापूर्वीच्या सगळ्या, प्रत्येक लाकूड आणि प्रत्येक गोवरी जमिनीवर हलकेच आपटून, उलटीपालटी करून, पुंजणीने झाडून मगच आत सारीत. आत मुंगी असेल, वाळवी असेल. गॅस आला आणि ही जयणा स्वयंपाकघरातून नाहीशी झाली. लाकडाची भट्टी आता चवीसाठी परत आली आहे. धुरापायी तिच्यावर गदाही येत आहे. मुंबईतील लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर नेण्याचा आदेश उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिला. पण ओंडक्यातल्या जिवाचा विचार ना चवीच्या बाजूने कोणी करीत होते, ना धुराच्या.

उत्तर दिले ते भट्टीवरच्या पोऱ्याने. तो म्हणाला, ‘आपटून घेतो, आजी. साल सुटली तर माती पिझ्झ्यावर पडते. आणि ओले लाकूड धूर करते.’ त्याने दोन ओंडके एकमेकांवर वाजवून दाखवले. खणखणीत आवाज आला. तिसरा वाजवला, तो बद्द वाजला. त्याला बारीक भोके होती आणि त्यांतून भुगा गळत होता.

‘याचे काय करता?’

‘मागे उन्हात टाकतो. आत किडा असतो. आच धरत नाही नीट.’

‘तो निघून जातो?’

‘काही दिवसांनी जातो.’

आजींनी तो ओंडका हातात घेऊन पाहिला आणि त्याच्याजवळ परत दिला. पोऱ्या तो मागच्या दाराने बाहेर ठेवून आला. मग त्या टेबलाशी येऊन बसल्या. पियादिना आली, तिला दोन ठिकाणी काळे डाग पडले होते. ते त्यांनी बोटाने खरवडून पाहिले आणि पहिला घास नातीला दिला. साडेपाचच्या आत पाणी पिऊन त्यांनी हात जोडले.

निघताना काकांनी, दुकान त्या दिवशी चार तास आधी वाढवावे लागले, हे दुसऱ्यांदा बोलून दाखवले. मग ते मालकांकडे वळले आणि लाकूड क्विंटलला काय भावाने पडते, ते विचारू लागले. आजी पायरीवर त्यांची वाट पाहत उभ्या होत्या. ऊन अजून होते.