यात नवीन काय?

आपल्या हॉस्टेलवर कोणी बाइक आणली की पहिल्याच आठवड्यात सायलेन्सर बदलला जातो आणि "पिकअप वाढलं यार!" अशी घोषणा होते. मोजलं कोणी? कोणीच नाही. वेग म्हणजे इंजिन आणि इंजिन म्हणजे आवाज, एवढं आपलं साधं गणित. ते किती चुकीचं आहे हे मला एका छोट्या विमानामुळे कळलं.

अमेरिकेत टेक्सासमधल्या करव्हिल या गावात मूनी कंपनी चार सीटची खासगी विमानं बनवायची. १९७० च्या दशकात त्यांच्या २०० हॉर्सपॉवरच्या मॉडेलचा कमाल वेग ताशी १८० मैलांच्या आसपास होता. मग रॉय लोप्रेस्टी हे इंजिनिअर तिथे आले. त्यांनी इंजिनची पॉवर तेवढीच ठेवली, पंखही मूळचाच. पुढची काच जास्त तिरकी केली, इंजिनवरचं काउलिंग नव्याने बनवलं, फटी बुजवल्या, वाऱ्यात डोकं काढणारे भाग झाकून घेतले. १९७७ चं हे मॉडेल ताशी २०१ मैल पळालं, म्हणून त्याचं नावच पडलं मूनी २०१!

आता फ्लुइड मेकॅनिक्सची वही उघडा. (ड्रॅगला मराठीत काय म्हणायचं यावर रूममेटशी अर्धा तास वाद झाला. तो म्हणाला 'ओढ'. पण ओढ माणसाला घराची लागते, विमानाला हवेची नाही, म्हणून ड्रॅगच राहू दिलं.) ड्रॅग वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला लागणारी पॉवर घनाने. म्हणजे वेग फक्त १० टक्के वाढवायचा तर पॉवर ३३ टक्के जास्त हवी. त्याच जुन्या बॉडीवर १८० चे २०१ करायला ढोबळ हिशेबाने पावणेतीनशेच्या वर हॉर्सपॉवर लागली असती. मोठं इंजिन म्हणजे जास्त वजन, जास्त पेट्रोल आणि ते थंड ठेवायला जास्त हवा. ही थंड करायची हवासुद्धा फुकट मिळत नाही! ती काउलिंगमध्ये शिरते, सिलिंडरच्या फिन्समध्ये अडखळते आणि मंद होऊन बाहेर पडते. तो सगळा ड्रॅगच. म्हणून समोरची भोकं गरजेपुरतीच ठेवायची, हे ऐकायला किती साधं वाटतं.

चाकांचंही तसंच. गोल दांड्याचा ड्रॅग कोइफिशंट साधारण १.२, पण त्याच जाडीचा माशासारखा निमुळता आकार दिला तर तो ०.१ च्या आसपास येतो. म्हणून ज्यांची चाकं आत जात नाहीत त्या विमानांच्या चाकांवर फेअरिंगच्या टोप्या असतात. त्या दिसायला छान आहेत, पण शोभेच्या नाहीत.

शोभेच्या गोष्टी मात्र आपल्याला फार आवडतात. कुठल्याही प्रोजेक्टच्या ड्रॉइंगमध्ये पंखाच्या टोकाला विंगलेट असतोच. नासाच्या रिचर्ड व्हिटकॉम्ब यांनी १९७० च्या दशकात त्यावर काम केलं ते मोठ्या जेट विमानांसाठी. छोट्या विमानाच्या कमाल वेगाला इंड्युस्ड ड्रॅग आधीच कमी असतो, त्यामुळे नुसता चिकटवलेला विंगलेट घासायला नवा पृष्ठभाग देऊन तोटाही करू शकतो. उलट व्हॉर्टेक्स जनरेटर म्हणजे पंखावर ओळीने लावलेल्या बोटाच्या पेराएवढ्या पट्ट्या. त्या वेग वाढवत नाहीत, थोडा कमीच करतील. पण हवा पंखाला जास्त वेळ धरून राहते, स्टॉल उशिरा होतो आणि लँडिंग सावकाश करता येतं. माझ्या मते परफॉर्मन्स म्हणजे हेही.

हे सगळं सांगायचं कारण वेगळं आहे. गेल्या वर्षी आमच्या सीनियर्सनी एका छोट्या विमानाचं मॉडेल विंड टनेलमध्ये ठेवून, चाकांवर फेअरिंग लावून आणि न लावता ड्रॅग मोजला. सतत दोन महिने बिचारे टनेलमध्येच होते. व्हायवाला पहिला प्रश्न आला, "यात नवीन काय?" मार्क जेमतेम पडले. आणि बक्षीस कोणाला? थर्माकोलच्या उडत्या कारला, जी टेबलावरूनही उडाली नाही! सर, राग मानू नका, पण लोप्रेस्टी आपल्याकडे असते तर त्यांनाही हाच प्रश्न आला असता, आणि मूनी २०१ चा प्रोजेक्ट सिनॉप्सिसलाच बाद झाला असता. त्यांच्या विमानात एकही गोष्ट नवीन नव्हती.

माझं म्हणणं एवढंच, की सिनॉप्सिसच्या फॉर्मवर 'नावीन्य' हा रकाना आहे तसा 'आधी किती, नंतर किती, कसं मोजणार' हाही असावा आणि त्याला निदान तेवढेच मार्क असावेत. पुढच्या सेमिस्टरला आम्ही तिघं त्याच मॉडेलच्या पंखावर लोकरीचे तुकडे चिकटवून हवा कुठे सुटते ते बघणार आहोत. लोकर आईकडून आणली आहे. टनेलची चावी तेवढी मिळायची आहे.