दादोजी गेले, पण जिजाऊंचे काय?

मैत्रिणींनो, २७ डिसेंबर २०१० रोजी, लोक झोपेत असताना, पोलीस बंदोबस्तात पुणे महापालिकेने लाल महालातला दादोजी कोंडदेवांचा पुतळा हलवला. सोन्याचा नांगर धरलेला बाल शिवाजी आणि जिजाऊ यांच्याबरोबरचे हे समूहशिल्प. त्यातले दादोजी तेवढे काढले. मग बंद झाला, निदर्शने झाली. आजही सानपाड्याला आमच्या बैठकीत विषय निघाला की दोन तट पडतात. दादोजी शिवरायांचे गुरू होते की नव्हते?

यात जातीचा प्रश्न आहे, आणि तो खरा आहे. जहागिरीच्या कारभाऱ्याला गुरुपद देऊन घडवणुकीचे श्रेय ब्राह्मण पुरुषाच्या पदरात टाकले गेले, हा आक्षेप मला पटतो. पुतळा काढला याचे मला दुःख नाही. पण भांडण तिथेच थांबले, याचे आहे.

या वादाला आणखी एक पदर आहे. जेम्स लेन यांच्या २००३ च्या पुस्तकात जिजाऊंच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवणारी कुजबुज छापली गेली. जानेवारी २००४ मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेची मोडतोड झाली. बाईला कमी लेखायचे तर तिच्या चारित्र्यावर बोट ठेवायचे. तिची बाजू घ्यायची तर तिच्या अब्रूचे राखणदार बनायचे. दोन्हीकडे बाई म्हणजे फक्त तिची अब्रू! तिच्या कामाबद्दल कोण बोलले?

१६२९ मध्ये निजामशाहीच्या दरबारात जिजाऊंचे वडील लखुजी जाधव आणि भाऊ मारले गेले. पुढे नवरा दूर कर्नाटकात चाकरीला असताना तिने पुण्याची जहागीर सांभाळली. १६६६ मध्ये महाराज आग्र्यात अडकले तेव्हा मागे राज्याची जबाबदारी तिच्यावर होती. हा राज्यकारभार आहे. आपल्या मुलींना मात्र ती रामायण-महाभारताच्या गोष्टी सांगणारी आई म्हणूनच भेटते. घर, शेत, दुकान चालवणाऱ्या बाईला आजही 'मदत करते' म्हणतात, ते याच नजरेतून.

१२ जानेवारीला जिजाऊ जयंती आहे. आपल्या गटांनी हार घालून थांबू नये. तिच्या कारभाराची माहिती वाचावी, आणि गावात, शहरात जिथे तिच्या पुतळ्याखाली नुसते 'राजमाता' लिहिले असेल, तिथे तिच्या कामाचीही नोंद करावी, अशी लेखी मागणी पालिकेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे करावी. उत्तर काय येते ते आम्हांला जरूर कळवा.