वेग पोर्ट ठरवतो, बोर्ड नव्हे



छोटा सर्किट बोर्ड मध्ये जोडला की संगणकाच्या यूएसबी-सी पोर्टवर मोबाइल झपाट्याने चार्ज होतो, हे मागील अंकातील पत्रलेखकांचे विधान मला मान्य नाही. ५ व्होल्टला दीड अँपिअर द्यायचा की तीन, हे पोर्टच सीसी (कॉन्फिगरेशन चॅनल) पिनेवरून जाहीर करतो. बोर्डाने ते वाचून तेवढेच घ्यायचे. त्यासाठी दोन्ही सीसी पिनांना ५.१ किलोओहमचा स्वतंत्र रेझिस्टर हवा. दोन्हींत मिळून एकच वापरल्यामुळे २०१९च्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकाला चिप असलेल्या केबलमधून वीजच मिळत नव्हती. मग नवशिक्यांनी किती जपायला हवे! डेटाच्या तारा एकमेकींना जोडून मोबाइलला फसवण्याचा त्या पत्रलेखकांचा सल्ला तर घातक आहे. मोबाइल पोर्टच्या क्षमतेबाहेर प्रवाह ओढू लागतो. वाचकांनी तो सल्ला कृपया अमलात आणू नये.

– एक वाचक, नाशिक